बासष्ट रेघा मिठाखाली

मित्रांनो, अंगावर एकशे ऐंशी रेघा घेऊन मी जन्माला आले आणि आज त्यांतल्या एकशे अठराच माझ्याजवळ उरल्या आहेत. तळ्यातलं पाणी मोजणारी मी एक जुनी मापकाठी. सध्या मोजणीच्या खोलीत, दाराशेजारच्या भिंतीवर दोन खिळ्यांच्या आधाराने आडवी पडून असते. येणारे-जाणारे माझ्यावर ओला टॉवेल वाळत घालतात. मी काही बोलत नाही. मला बोलता आलं असतं, तर बोलायला हवं होतं तेव्हाच बोलले असते.

मला घडवलं पंपघराच्या सुतारबाबांनी. छपराच्या कामातून एक लांब, गाठ नसलेलं लाकूड उरलं होतं, ते त्यांनी निवडलं. लोखंडाची काठी का नको, असं कोणीतरी विचारलं. ते म्हणाले, "लोखंडाला हे पाणी वर्षात खाऊन टाकतं. लाकूड मुरतं आणि टिकतं." मग तापलेल्या तारेने त्यांनी माझ्या अंगावर एकेक रेघ डागली. एक रेघ म्हणजे एक सेंटीमीटर, आणि दर दहाव्या रेघेशी आकडा. डागताना दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं. पण काम झाल्यावर त्यांनी मला एका डोळ्याने न्याहाळलं आणि "सरळ आहे" एवढंच म्हणाले. त्या दोन शब्दांवर मी पुढची कितीतरी वर्षं ताठ्यात काढली.

आमची जागा म्हणजे मिठाचं मैदान. नजर जाईल तिथवर पांढरं. उन्हात डोळे उघडे ठेवता येत नाहीत आणि ओठ बारा महिने फुटलेले. या मिठाच्या थराखाली कडू, दाट पाणी आहे आणि त्या पाण्यात लिथियम विरघळलेलं आहे. लिथियम हा सगळ्यांत हलका धातू. तुमच्या घरातल्या मोबाइलच्या बॅटरीत तो असतो, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीत तर भरपूर असतो. पंप ते पाणी वर काढतात आणि मोठ्या, उथळ तळ्यांत सोडतात. पुढचं काम ऊन आणि वारा करतात. वर्ष-दीड वर्ष पाणी आटत राहतं. आधी साधं मीठ तळाशी बसतं आणि वरचं पाणी पिवळं, तेलासारखं दाट होत जातं. ते दाट पाणी टँकरमध्ये भरून बाहेर जायचं. त्याची पांढरी पूड करणारा कारखाना परदेशात होता, बॅटरी बनवणारा आणखी तिसऱ्याच देशात, आणि त्या बॅटऱ्या आम्हीच पुन्हा विकत घ्यायचो. "धान्य आपलं, जातं दुसऱ्याचं," सुतारबाबा म्हणायचे.

मला चौथ्या तळ्यात उभं केलं. काठावरून माझ्यापर्यंत फळ्यांची एक अरुंद वाट होती. सुतारबाबांची मुलगी मोजणीच्या कामावर लागली आणि सगळे तिला मोजणीताई म्हणू लागले, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे होते तेसुद्धा. सूर्य वर आला की वारा सुटतो आणि पाणी हलतं, म्हणून ती उजाडताच यायची. माझं एक वाचन घ्यायचं तर फळीवर पालथं पडून डोळा पाण्याच्या पातळीत आणावा लागे. उभ्या-उभ्या वाचलं की आकडा हमखास चुकतो. त्यामुळे माझ्यासमोर भल्याभल्यांना वाकावं लागायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सुतारबाबा स्वतः यायचे. दोरीला बांधलेला शिशाचा लोळा माझ्या अंगालगत खाली सोडायचे. लोळा तळाला टेकला की दोरी ढिली पडे. तेवढी दोरी बाहेर काढून ते माझ्यावर धरायचे आणि मुलीला सांगायचे, "वरचा आकडा पाण्याची उंची सांगतो. खाली मीठ किती चढलं ते त्यातून वजा केल्याशिवाय पाणी किती ते कळत नाही." तिच्या वहीत म्हणून दोन रकाने असायचे, वरचा आणि खालचा. आणि वर्षातून एकदा तिच्या थोरल्या भावाची टोळी यायची. तळं रिकामं करून, मीठ फोडून, गाड्या भरभरून बाहेर काढायची. सगळे त्याला दादा म्हणत. दादाची टोळी येऊन गेली की माझे पाय मोकळे व्हायचे.

ती वर्षं चांगली गेली. मग लिथियमचा भाव चढला.

वर्षभरात तो पाचपट झाला. कँटीनच्या फळ्यावर रोज सकाळी भाव लिहिला जाऊ लागला. ज्यांनी आयुष्यात लिथियम डोळ्यांनी पाहिलं नव्हतं ते शिंपी आणि न्हावीसुद्धा गिऱ्हाइकाला भाव सांगू लागले. नवी तळी खणली गेली. दहाची चाळीस झाली. सगळ्या तळ्यांवर एक साहेब होते. काळा गॉगल त्यांच्या डोळ्यांवरून कधी उतरत नसे, म्हणून त्यांना गॉगलसाहेब म्हणत. त्यांचे डोळे कसे आहेत हे त्यांच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नव्हतं. दादा मीठ काढायला परवानगी मागायला गेला तर ते म्हणाले, "अरे, एक तळं महिनाभर रिकामं ठेवायचं? या भावात? वेड लागलंय का? पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षीही तेच झालं आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

याच काळात सुतारबाबा गेले. छातीचं दुखणं होतं, आठ दिवसांत सगळं आटोपलं. आणि त्याच महिन्यात राजधानीहून नवा छापील तक्ता आला. त्यात एकच रकाना होता, पाण्याच्या पातळीचा. तक्ता करणाऱ्याने धरून चाललं होतं की मीठ दरवर्षी निघतंच. मोजणीताईने दोन-तीन महिने लोळा सोडून पाहिला. पण चाळीस तळी आणि ती एकटी. गॉगलसाहेब म्हणाले, "रकानाच नाही तर मोजतेस कशाला?" तिने लोळा खोलीतल्या खुंटीला अडकवला. वडिलांची वस्तू म्हणून अधूनमधून त्याच्यावरची धूळ मात्र पुसायची.

मित्रांनो, माझं काय होत होतं ते मलाच ठाऊक. मीठ माझ्या तळापासून वर चढत होतं. आधी दहा रेघा बुडाल्या, मग वीस. ते नुसतं चढत नव्हतं, घट्ट होत होतं. पाणी आटलं की पंप सुरू करून पातळी पुन्हा दीडशेवर आणायची असा हुकूम होता. त्यामुळे वर बघावं तर रोज दीडशे. ताई पालथी पडायची, दीडशे वाचायची, दीडशे लिहायची. तिने लिहिलेलं खोटं नव्हतं. मी दाखवत होते तेही खोटं नव्हतं. मी सरळ होते म्हणून मी खरी आहे असं सगळ्यांना वाटायचं, आणि लाज वाटते सांगायला, कधीकधी मलाही तसंच वाटायचं. वर्तमानपत्रात माझा फोटोसुद्धा आला होता. दीडशेचा आकडा त्यात स्पष्ट दिसत होता, आणि खाली लिहिलं होतं, 'देशाची पांढरी तिजोरी'.

त्या फोटोनंतर परदेशातून मोठी गिऱ्हाइकं आली. ती म्हणाली, दहा वर्षं ठरलेलं वजन द्यायचा शब्द द्या, आम्ही तुमच्याच देशात पूड करण्याचा मोठा कारखाना उभारून देतो. आता जातंही आपलंच होणार होतं. फक्त करारात एक कलम होतं. ठरलेलं वजन भरलं नाही, तर ते भरेपर्यंत मैदानाचं सगळं पाणी त्यांचं. गॉगलसाहेब हसून म्हणाले, "वजन न भरायला काय झालं? चाळीस तळी काठोकाठ आहेत."

त्या कारखान्यावर सगळ्यात जास्त आशा दादाची होती. त्याची बायको, म्हणजे ताईची वहिनी, दूरच्या शहरात दवाखान्यात नर्स होती. इथे तिच्याजोगं काम नव्हतं. त्यांची छोटी पाच वर्षांची. दादाला ती वर्षातून दोनदा दिसायची आणि पहिला दिवस लाजण्यातच जायचा. कारखान्याबरोबर कामगारांसाठी दवाखाना होणार होता. वहिनीने अर्ज करून ठेवला होता. दादा यंत्रांचं शिक्षण घेऊन आला होता आणि रोज संध्याकाळी काठावर उभं राहून बहिणीला सांगायचा, "घर इथे घेऊ. छोटीची खोली तुझ्या बाजूला ठेवू." बाजारात तुरी म्हणतात तशी गत. पण माणसाला हसू नये, इतका आनंदी मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

करार शुक्रवारी व्हायचा होता. सोमवारी ताई तपासणीसाठी पाणी भरायला आली. तळाजवळचं पाणी हवं होतं. तिने दोरीला बाटली बांधून माझ्या कडेने खाली सोडली. दोरी लवकर ढिली पडली. तिला वाटलं बाटली कशाला तरी अडकली. तिने पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा तिने दोरी चिमटीत धरली, वर काढली, माझ्यावर लावली आणि तशीच फळीवर बसून राहिली. मग ती धावत खोलीकडे गेली आणि वडिलांचा लोळा घेऊन आली. त्या दिवशी तिने एकामागून एक सतरा तळी मोजली. कुठे अठ्ठावन्न, कुठे पासष्ट. माझ्या पायाशी बासष्ट रेघा मीठ होतं. पाच बादल्या पाणी म्हणून आपण मिरवत होतो आणि त्यांतल्या दोन बादल्या नुसतं मीठच.

संध्याकाळी दादा आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं.

"साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, शुक्रवार जाऊ दे."

"मग जाऊ दे ना! आधी कारखाना तर येऊ दे. मीठ मी काढतो नंतर. माझी टोळी आहे."

"मीठ काढल्यावर खालून लिथियम निघणार आहे का, दादा? जे नाहीच ते आणणार कुठून? मैदानच जाईल त्यांच्या घशात."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, वेडे."

"बाबा असते तर असं म्हणाला असतास?"

"बाबा असते तर तू मोजणं थांबवलं नसतंस," तो म्हणाला.

तिला ते लागलं. पण ती इतकंच म्हणाली, "खरंय. चूक माझीच आहे. म्हणून तर सांगायलाही मलाच हवं."

तो पाय आपटत निघून गेला. ती माझ्याजवळ बसून रडली. मला दोन्ही भावंडांची कीव आली आणि स्वतःचा राग आला. इतकी वर्षं मी दीडशे, दीडशे म्हणून मिरवले, त्याची किंमत ही माणसं मोजणार होती.

शुक्रवारी सकाळी वारा सुटायच्या आत गाड्या आल्या. राजधानीतल्या अधिकारी बाई सगळ्यांच्या पुढे होत्या. देशाच्या वतीने सही त्याच करणार होत्या. फळीवर येऊन त्यांनी साडी सावरली, खरोखर गुडघे टेकून वाकल्या आणि वाचलं, "एकशे पन्नास. छान!" गॉगलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मागच्यांनीही वाजवल्या.

"मॅडम," मोजणीताई म्हणाली, "हे अर्धंच वाचन आहे."

टाळ्या थांबल्या.

"खाली मीठ साचलंय. तीन वर्षं काढलेलं नाही. मी खालचा आकडा मोजायला हवा होता, मोजला नाही. तळ्यात लिहिलंय तेवढं पाणी नाहीये."

गॉगलसाहेब हसले. "आमच्या ताईंना जरा जास्तच काळजी असते. मॅडम, थोडंफार मीठ असायचंच, मिठाचंच तळं आहे ना."

"थोडंफार म्हणजे किती?" बाईंनी विचारलं.

आता कळायचं कसं? वर चमकणारं पाणी, आणि आत सगळं पांढरं. तळ्यात उतरायला बंदी होती, खालचं प्लास्टिकचं अस्तर फाटतं म्हणून. म्हणून तर इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ताईने लोळा पुढे केला. साहेब म्हणाले, "दोरीचं काय, दोरी कुठेही ढिली पडते."

दादा काठावर टोळीबरोबर उभा होता. इस्त्रीचा नवा शर्ट घातला होता. दुपारी फोटो निघणार होता ना! त्याने बहिणीकडे पाहिलं. मग फळीवरून चालत माझ्यापर्यंत आला आणि बूट न काढता सरळ तळ्यात उतरला.

दीडशे रेघा पाणी असतं तर ते दादाच्या गळ्याशी आलं असतं. ते कमरेशी थांबलं.

कडू पाण्याने त्याचा शर्ट पोटाला चिकटला होता. त्याने एक हात माझ्यावर ठेवला, रेघांवरून बोटं फिरवत खाली नेला, खांदा बुडाला, हनुवटी पाण्याला टेकली. बोटं कठीण मिठाला लागली तिथे तो थांबला. सुतारबाबांनी डागलेल्या रेघा त्याला न बघता वाचता येत होत्या.

"बासष्ट!" तो ओरडला. इतक्या मोठ्याने की तिसऱ्या तळ्यावरची माणसंही वळली.

गॉगलसाहेबांनी गॉगल काढून पुसला. डोळे साधेच होते, थकलेले. अधिकारी बाईंनी पेनचं टोपण लावलं आणि ताईला म्हणाल्या, "सगळ्या तळ्यांचे दोन्ही आकडे मला हवेत. आज नाही झाले तरी चालेल, पण खरे हवेत."

सही झाली नाही. मोठी गिऱ्हाइकं आली तशी गेली. त्यानंतर गावाने ताईला जे वागवलं ते सांगायला मला आवडत नाही. कँटीनमध्ये तिच्या बाकावर कोणी बसत नसे. 'घर फिरलं की वासे फिरतात' म्हणतात, इथे घर तेच होतं, वासे तेवढे फिरले. पुढच्या वर्षी जगभर लिथियम जास्त झालं आणि भाव कोसळला, होता त्याच्या पाचव्या हिश्श्यावर आला. दुसऱ्या एका देशाने त्याच गिऱ्हाइकांना शब्द दिला होता. तिथलं वजन भरलं नाही, आणि ते लोक आता स्वतःच्या मैदानावर दुसऱ्यासाठी पंप चालवतात, अशी बातमी आली. मग तेच कँटीनवाले म्हणू लागले, "आम्ही म्हणतच होतो, घाई नको." ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

आमच्याकडे कारखाना झाला, पण खऱ्या आकड्याच्या मापाचा, लहान. तो देशाचा स्वतःचा आहे. भाव पडला तेव्हा तो हळू चालला, पण बंद पडला नाही. त्यात चाळीस माणसं काम करतात. दवाखाना मात्र झाला नाही, चाळीस माणसांना कोण दवाखाना देतो? यंत्रावरची जागाही दादाच्या वाट्याला आली नाही. जाण्याआधी त्याने शेवटचं काम केलं ते चौथ्या तळ्यातलं मीठ फोडण्याचं. मी दगडासारख्या मिठात रुतले होते, ओढून निघेना. शेवटी त्याने मला बासष्टाव्या रेघेशी करवतीने कापलं. बापाने केलेली काठी मुलाने कापली. पण त्याचा हात हळू होता आणि काप सरळ आला.

मला खोलीत टेकवून ठेवताना त्याने ताईला सांगितलं, "मी शहरात जातोय. तुझ्या वहिनीच्या दवाखान्याजवळ गोदामात काम आहे."

"रागावलायस?"

"हो," तो म्हणाला. "पण तुझ्यावर की कोणावर ते अजून कळत नाहीये." मग त्याने तिच्या डोक्यावर थोपटलं आणि गेला. मैदान देशाकडे राहिलं, भाऊ राहिला नाही. मित्रांनो, खरं सांगणाऱ्याचं काहीच जात नाही असं तुम्हाला कोणी शिकवलं असेल, तर ते माझ्यासारखंच अर्धं वाचन आहे.

माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. मला रंग लावू नका, काचेच्या कपाटातही ठेवू नका. टॉवेल वाळत घाला, चालेल. फक्त कोणी तुम्हाला मोठा आकडा सांगून टाळ्या मागितल्या, तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा की कुठून मोजलं. एवढं विचारायला कोणी मोठं असावं लागत नाही. आणि जमिनीखालून जे एकदाच मिळतं, त्याच्याबाबतीत तर विचाराच. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा त्यातलं किती उरलेलं असेल, ते आज कोणीतरी लिहीत असतं.

दर रविवारी सकाळी दादाचा फोन येतो. ताई फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवते, म्हणून मलाही ऐकू येतो. मागच्या रविवारी तिने विचारलं, "छोटी केवढी झाली रे?"

"एकशे सोळा," दादा म्हणाला. "आत्ताच दाराशी उभी करून मोजली."

"बूट काढून?"

मग दादाचा आवाज आला, "थांब." बुटांचा धपधप आवाज आला, छोटी खिदळली, आणि दादा म्हणाला, "एकशे तेरा."

ताईने पेन्सिल घेतली, माझ्यावरचा टॉवेल बाजूला केला आणि एकशे तेराव्या रेघेशी एक बारीक खूण केली.